कुडा: ओळखायचा कसा, खायचा कसा, लावायचा कसा

वैशाखात कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, करपलेला असतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, कातळ तापलेला, आंब्याची शेवटची काढणी चाललेली. अशा दिवसांत गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला, रानाच्या तोंडाशी, घाटाच्या रस्त्यालगतच्या दरडीवर एक झुडूप पांढऱ्या झुबक्यांनी भरून जातं. नवी पालवी आणि फुलं त्याला बरोबरच येतात. वास मोगऱ्याइतका जोरकस नसतो, पण गोडसर असतो आणि जवळून जाताना थांबायला लावतो. हा कुडा. त्याला कुणी लावलेलं नसतं, कुणी पाणी घातलेलं नसतं. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. कवळ, म्हणजे शेतात भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्या, तोडताना पार बुंध्यापासून छाटला गेला, तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

घरातल्या जुन्या माणसांना विचारा, "कुडा पोटाला चांगला" एवढं उत्तर नक्की मिळेल. ते खरंही आहे. पण त्याच्या पुढची माहिती गावागावांतून विरळ होत चालली आहे. कुड्याची साल औषधांसाठी विकली जाते, आणि ती काढायची सगळ्यात सोपी रीत झाड मारणारी आहे. त्याचं बीसुद्धा विकलं जातं. ते दरवर्षी मिळतं, ते घेतल्यानं झाडाचं काही बिघडत नाही, तरी बहुतेक ठिकाणी ते वाऱ्यावर उडून जातं. माझ्या मते कोकणातल्या माणसानं कुड्याकडे आधी बी, फूल आणि शेंग यांच्यासाठी पाहावं, आणि सालीचा विचार सगळ्यात शेवटी करावा. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी समोरचं झाड कुडाच आहे याची खात्री करायला हवी, कारण इथेच बरीच गफलत होते.

तीन झाडं, तिन्ही पांढऱ्या फुलांची

आपल्याकडे निदान तीन वेगळ्या झाडांना कुडा म्हणतात. तिन्ही कण्हेरीच्या कुळातली. तिघांची पानं समोरासमोर येतात, तिघांची फुलं पांढरी आणि सुवासिक असतात, आणि पान तोडलं की तिघांतून चीक येतो. त्यामुळे "चीक आला, म्हणजे कुडा" ही परीक्षा उपयोगाची नाही.

औषधाचा आणि भाजीचा तो पांढरा कुडा. वनस्पतिशास्त्रात त्याला होलॅरिना प्युबेसेन्स म्हणतात, जुन्या पुस्तकांत होलॅरिना अँटिडिसेंटेरिका हे नाव सापडेल. अँटिडिसेंटेरिका म्हणजे आवेवरचा, इतकी त्याची ख्याती होती. हे झुडूप किंवा लहान झाड असतं. सतत तोड होणाऱ्या जागी ते पुरुषभर उंचीचंच राहतं, मोकळीक मिळाली तर आठ-दहा मीटरपर्यंत जातं. पान मोठं, वीतभर किंवा त्याहून लांब, देठ जवळजवळ नसल्यासारखा आखूड, आणि शिरा ठळक. फूल हातात घेऊन नीट पाहा. खाली बारीक नळी, वर पाच पाकळ्या, आणि मध्यभागी काहीच उठून दिसत नाही. नळीचं तोंड साधं, मोकळं. हे लक्षात ठेवा, कारण काळ्या कुड्याशी पहिला फरक इथेच आहे.

काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. त्याच्या फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर असते आणि त्यातून परागकोशांचा टोकदार सुळका वर आलेला दिसतो. पानं पांढऱ्या कुड्यापेक्षा लहान, वाळली की काळपट पडतात. या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत. लाकूड पांढरं, मऊ आणि एकसारखं असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी याच लाकडाची.

तिसरा नागलकुडा. हा तगरीचा सख्खा नातलग, आणि फूलही तगरीसारखंच, पाकळ्या चक्रीसारख्या एका बाजूला वळलेल्या. फुलावरून घोटाळा झालाच तर फळ सगळं सांगून जातं. पांढऱ्या कुड्याला जोडीनं लांब, सडपातळ, लोंबणाऱ्या शेंगा येतात, वीत-दीड वीत लांब, अंगावर बारीक पांढरे ठिपके. काळ्या कुड्याच्या शेंगाही जोडीनं आणि लांबच, पण कोवळेपणी त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. नागलकुड्याला शेंग नसतेच म्हणा. त्याचं फळ आखूड, फुगीर, बाकदार असतं, दोन फळं पाठीला पाठ लावून बसल्यासारखी. पिकून उकललं की आत नारिंगी-लाल गर दिसतो. ते दिसायला मोहक असतं, पण खायचं नाही. मुलांना हे फळ मुद्दाम दाखवून ठेवावं.

भाजीसाठी फुलं काढणाऱ्यानं तर झाडाची आदल्या वर्षीची शेंग पाहून ठेवलेली सगळ्यात बरी. फुलांच्या दिवसांतही जुन्या, उकललेल्या, वाळक्या शेंगा फांद्यांवर बऱ्याचदा लोंबत असतात. त्या लांब आणि सुट्या दिसल्या की निर्धास्त व्हावं. शंका असेल त्या झाडाचं काहीही खाऊ नये.

पोटाशी त्याचं नातं

आयुर्वेदात कुड्याला कुटज म्हणतात, आणि बियांना इंद्रयव. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात तेच इंद्रजव. पांढऱ्या कुड्याचे ते कडू इंद्रजव, काळ्या कुड्याचे ते गोड इंद्रजव. कुटजारिष्ट, कुटजघनवटी, कुटजावलेह ही नावं आजही दुकानात सहज मिळतात. चरकसंहितेत कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव आवरून धरणाऱ्या द्रव्यांमध्ये कुटजाची साल श्रेष्ठ म्हटली आहे. अतिसार, आव, रक्ती मूळव्याध हे तिचं क्षेत्र.

हे घडतं कशामुळे? सालीत आणि बियांत अल्कलॉइड वर्गातली कडू द्रव्यं असतात. सालीतलं त्यांचं प्रमाण साधारण १ ते ४ टक्के. त्यांतलं मुख्य कोनेसीन. आवेचे दोन मोठे प्रकार असतात, एक जिवाणूंमुळे होणारा आणि दुसरा अमीबामुळे होणारा. अमीबाचा जीव एकपेशीय, नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसून तिथे व्रण करतो, त्यातून शेम आणि रक्त पडतं. कोनेसीन या अमीबाला मारक ठरतं. १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पद्धतशीर काम केलं. बंगालीत कुड्याला कुर्ची म्हणतात, त्यामुळे त्या काळच्या डॉक्टरी औषधांमध्येही कुर्ची याच नावानं तो आला.

मग तो डॉक्टरांच्या कपाटातून गेला कसा? कोनेसीन वेगळं काढून मोठ्या मात्रेत दिलं की त्याचा परिणाम मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर दिसू लागला. झोप उडणं, अस्वस्थता, भ्रम. पुढे मेट्रोनिडॅझोलसारखी नेमकी औषधं आली आणि शुद्ध कोनेसीनचा वापर मागे पडला. हा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण "झाडपाला आहे, अपाय कसला" असं म्हणत साल उकळून मुलांना पाजणारी माणसं अजून आहेत. ज्या द्रव्यात अमीबा मारायची ताकद आहे, त्याची मात्रा चुकली तर माणसालाही त्रास होणारच.

आयुर्वेदाचं स्वतःचं बंधनही इथे महत्त्वाचं आहे. कुटज स्तंभन करणारा आहे, म्हणजे बाहेर जाणारं रोखणारा. पोटात आम असताना, म्हणजे जुलाब नुकते सुरू झाले आहेत आणि शरीर दूषित मळ बाहेर टाकतं आहे अशा वेळी, जाणता वैद्य लगेच स्तंभन देत नाही. म्हणून कोणत्या दिवशी, किती आणि कशाबरोबर हे वैद्यानं ठरवायचं. गरोदर बाई, तान्हं मूल, शौचातून रक्त किंवा जोराचा ताप असेल तर घरगुती प्रयोग नकोतच, थेट दवाखाना. आणि जुलाब कुठल्याही कारणानं असोत, जीव जातो तो पाणी कमी पडल्यानं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे आधी सुरू करावं. कुडा त्यानंतरचा.

बाजारातल्या सालीबद्दल आणखी एक. काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावावर खपवली जाते, ही भेसळ जुनी आहे. सबंध तुकड्यात जाणकाराला फरक कळतो, पांढऱ्या कुड्याची साल खरबरीत आणि चवीला चांगलीच कडू असते. पूड झाली की नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून सुटी पूड घेण्यापेक्षा वैद्याच्या ओळखीच्या दुकानातून किंवा परवाना असलेल्या औषधशाळेचं तयार औषध घ्यावं.

ताटातला कुडा

कोकणात कुड्याची ओळख टिकून राहिली ती औषधापेक्षा भाजीमुळे. उन्हाळ्यात फुलं, पावसाळ्यात कोवळ्या शेंगा. वर्षातून एकदा तरी खावी असं घरोघरी सांगतात, आणि ज्या ऋतूत विहिरीचं पाणी गढूळ होतं, पोटं बिघडतात, त्या ऋतूच्या तोंडावर ही कडवट भाजी पानात येते, यात आपल्या माणसांचं शहाणपण मला दिसतं.

फुलांच्या भाजीसाठी कळ्या आणि अर्धवट उमललेली फुलं घ्यायची. पूर्ण उमललेली लवकर काळवंडतात. झुबका हातात धरून जाड देठ बाजूला काढायचे, बारीक देठ राहिले तरी चालतात. दोन पाण्यांतून धुवायची, कारण आत बारीक किडे असतात. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवून गाळायची आणि गार झाली की मुठीत घट्ट पिळायची. पहिल्या पिळ्याचं पाणी हिरवट-पिवळं आणि कडू असतं, ते टाकायचं. मग तेलात लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, कांदा मऊ झाला की भिजवलेली मूगडाळ, डाळ अर्धीकच्ची शिजली की फुलं. वरून ओलं खोबरं. कडवटपणा पूर्ण जात नाही, जाऊही नये. किंचित कडू चव मागे राहते आणि तांदळाच्या भाकरीबरोबर ती फार छान लागते.

शेंगांना जरा मेहनत जास्त. वाकवली की कट्कन मोडेल इतकीच कोवळी घ्यायची. वाकून धागे निघाले तर ती शेंग निबर झाली, सोडून द्यावी. तुकडे करून मिठाच्या पाण्यात भिजवून, मग उकडून पाणी काढतात. कडव्या वालांबरोबर, गुळाचा खडा आणि दोन आमसुलं घालून केली तर कडू, गोड आणि आंबट यांचा मेळ नीट बसतो. ज्यांचं पोट आधीच घट्ट असतं त्यांनी थोडीच खावी.

काढताना झाडावरची सगळी फुलं किंवा शेंगा काढू नयेत. फूल गेलं तर शेंग नाही, शेंग गेली तर बी नाही. हबशी नावाचं काळपट तपकिरी फुलपाखरू कुड्याच्या पानांवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या पानं खाताना दिसल्या तर फवारणीच्या मागे लागू नये. झाड त्यातून सहज सावरतं.

साल काढणं म्हणजे नेमकं काय

पान अन्न तयार करतं. ते अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या थरातून. लाकडातून पाणी वर चढतं, सालीतून अन्न खाली उतरतं. आता कुणी बुंध्याभोवती साल पूर्ण गोल सोलली, तर पाणी वर जातच राहतं, पानं काही काळ हिरवी दिसतात, आणि सोलणाऱ्याला वाटतं झाडाला काही झालं नाही. खाली मात्र मुळं उपाशी राहतात. साठवलेलं संपलं की मुळं मरतात आणि मग वरचं झाड एकदम वाळतं. तोवर सोलणारा पुढच्या रानात पोचलेला असतो. मुळं खणून त्यांची साल काढली तर पुन्हा फुटायचा मार्गही उरत नाही.

कुड्याची जमेची बाजू अशी की तो तोडलेला सोसतो. बुंधा जमिनीलगत धारदार हत्यारानं, तिरका आणि स्वच्छ कापला तर खुंटातून नवे फुटवे येतात. मुळांवरूनही दूर दूर धुमारे निघतात. म्हणून साल हवीच असेल तर उभं झाड सोलण्यापेक्षा खोड कापून आणायचं, साल त्या कापलेल्या खोडाची काढायची, आणि खुंट जिवंत ठेवायचा. सालीसाठी आठ ते बारा वर्षांचं झाड योग्य मानतात, आणि पाऊस सुरू झाल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी, नवी पालवी जोरात असताना, सालीतली अल्कलॉइडं भरपूर असतात. त्या दिवसांत साल लाकडापासून सुटतेही सहज. आतल्या बाजूला चिकटलेलं लाकूड खरवडून टाकायचं, कारण लाकूड मिसळलं की मालाचा कस उतरतो. पावसात वाळवणं हीच अडचण, त्यासाठी छपराखाली वारा खेळता हवा. बुरशी आलेली साल औषधाला चालत नाही.

वनखात्याच्या जमिनीवरून परवानगीशिवाय साल आणणं हा गुन्हा आहे. खासगी जमिनीवरचं असलं तरी तोडण्याआधी आणि माल हलवण्याआधी वनपालाकडे नियम विचारून घ्यावेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिलाही कळवावं. गावच्या रानातून किती माल बाहेर जातो हे गावाला माहीत असायला हवं.

लागवड

आंबा-काजूसारखं उत्पन्न कुड्यातून येईल असं कुणाला सांगणं बरोबर होणार नाही. म्हणून चांगली जमीन अडवू नये. बांध, गडग्याची कड, उताराची पडीक पट्टी, काजूच्या बागेची सीमा, अशा जागा त्याला द्याव्यात. जांभ्याची मुरमाड जमीन त्याला चालते. पाणी साचणारी खोलगट जागा आणि माती नसलेला उघडा कातळ टाळावा. आपला पाऊस त्याला भरपूर होतो.

शेंगा हिवाळ्याच्या अखेरीस पिकतात. हिरवा रंग जाऊन तपकिरी दिसू लागला की उकलण्याआधीच काढायच्या, कारण एकदा तोंड उघडलं की संपलं. बी चपटं, लांबट, टोकाला रेशमी केसांचा झुपका, आणि वाऱ्याची एक झुळूक त्याला पार पलीकडच्या डोंगरावर नेते. शेंगा पातळ कापडाच्या पिशवीत घालून सावलीत टांगून ठेवाव्यात, आतच उकलतात. मग केस चोळून काढायचे आणि बी पाखडून घ्यायचं. विकायचे कडू इंद्रजव आणि पेरायचं बी दोन्ही इथूनच मिळतं.

बी जुनं होऊ देऊ नये. ताजं बी रात्रभर पाण्यात भिजवून, माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग भरलेल्या पिशव्यांत फाल्गुनात पेरावं, बोटाच्या अर्ध्या पेराहून खोल नको. रोज हलकं पाणी आणि वरून विरळ सावली. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक बी उगवतं आणि मृगापर्यंत लावण्याजोगी रोपं होतात. बी मिळालं नाही तर जुन्या झाडाभोवती आलेले धुमारे पावसाच्या सुरुवातीला मुळाच्या तुकड्यासकट खणून लावता येतात. मातीचा गोळा सुटू देऊ नये आणि वरची मोठी पानं अर्धी छाटावीत, म्हणजे रोप कोमेजत नाही.

दीड फुटाचा खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवावा. सलग पट्टी असेल तर तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे गुंठ्याला साधारण अकरा झाडं. वईला, म्हणजे कुंपणाला, लावायची तर दीड-दोन मीटरवर. पहिली दोन वर्षं गवत काढणं आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन एवढंच काम, पण ते चुकवू नये. कोकणात रोपं मरतात ती बहुतेकदा वणव्यानं. गवत वाळायच्या आधीच लागवडीभोवती दोन मीटर पट्टा खरवडून साफ ठेवावा. आच्छादनही उन्हाळ्यात बुंध्यापासून थोडं दूर सारावं.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात औषधी झाडांबद्दल विचारता येतं. केंद्राचं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळही आहे, त्याच्या योजना बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहिती घेऊनच रोपांची संख्या ठरवावी. विकत घेणारा कोण हे आधी पाहावं. बी सुटं आणि केसांसकट नेलं तर भाव पडतो, स्वच्छ पाखडलेलं, कोरडं आणि काळ्या कुड्याचं बी न मिसळलेलं असेल तरच व्यापारी नीट बोलतो. झाडावरच्या सगळ्याच शेंगा कधी उतरवू नयेत, चौथा हिस्सा तरी वाऱ्यासाठी सोडावा.

आणि आठ-दहा वर्षांनी खोड कापायची वेळ आलीच, तर ओळीतलं एकाआड एक झाड कापावं, म्हणजे फुलं आणि बी त्या वर्षीही मिळत राहतं. कापलेल्या खुंटावर पावसाळ्यात पाच-दहा फुटवे एकदम उठतात. ते तसेच वाढू दिले तर सगळेच बारीक राहतात. पहिला पावसाळा सरला की त्यांतले जोमदार दोन किंवा तीन, तेही एकमेकांपासून लांबच्या बाजूंना असलेले, ठेवावेत आणि बाकीचे बुडापासून काढून टाकावेत.